बांगलादेशला ‘देश’ म्हणायला भारतानं आठ महिने का घेतले?

आजी-आजोबांच्या कपाटात जुन्या पत्रांचा गठ्ठा असेल, तर १९७१ च्या डिसेंबरातलं एखादं पाकीट शोधून बघा. नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचं आणखी एक तिकीट चिकटवलेलं दिसेल. ते होतं निर्वासितांच्या मदतीचं. १५ नोव्हेंबर १९७१ पासून सरकारनं टपालावर हा जादा कर लावला होता. घाई इतकी, की सुरुवातीला कुटुंब नियोजनाच्या तिकिटांवरच वेगळा छाप मारून ती वापरली गेली!

हे निर्वासित पूर्व पाकिस्तानातून आले होते, जवळजवळ एक कोटी. आपण त्यांना जेवण देत होतो, तंबू देत होतो. पण ते ज्याला आपला देश म्हणत होते, तो देश मात्र आपल्या सरकारच्या लेखी अजून अस्तित्वातच नव्हता.

थोडं मागे जाऊ. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगनं पूर्व पाकिस्तानातल्या १६९ पैकी १६७ जागा जिंकल्या. बहुमत मिळालं, सत्ता मिळाली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्कर घुसलं, मुजीब यांना अटक झाली आणि स्वातंत्र्याची घोषणा झाली.

१७ एप्रिलला सीमेजवळच्या वैद्यनाथतला गावी एका आमराईत नव्या सरकारचा शपथविधी झाला. पंतप्रधान ताजुद्दीन अहमद, कार्यवाहक राष्ट्रपती सय्यद नझरुल इस्लाम. पत्रकारांना कोलकात्याहून गाड्यांत बसवून तिथं नेलं होतं. कार्यक्रम उरकला आणि मंडळी परत भारतात आली. या सरकारचा कारभार चालायचा कोलकात्याच्या थिएटर रोडवरच्या एका इमारतीतून.

दुसऱ्याच दिवशी, १८ एप्रिलला, मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत धाडसी वाटणारा प्रसंग घडला. कोलकात्यातले पाकिस्तानचे उप-उच्चायुक्त हुसेन अली यांनी आपल्या बंगाली सहकाऱ्यांसह कार्यालयावरचा पाकिस्तानी झेंडा उतरवला आणि बांगलादेशचा चढवला. जरा कल्पना करा. पगार, पासपोर्ट, पद सगळं एका देशाचं, आणि निष्ठा वाहिली अशा देशाला, ज्याला जगात एकाही सरकारनं मान्यता दिली नव्हती. हरले असते, तर देशद्रोही ठरले असते.

मग भारत थांबला कशासाठी? विरोधी पक्ष संसदेत मागणी करत होते. जयप्रकाश नारायण त्यासाठी देशोदेशी फिरत होते. ३१ मार्चलाच संसदेनं पाठिंब्याचा ठराव केला होता. पण पाठिंबा आणि मान्यता यांत मोठं अंतर असतं. एखाद्या भूभागाला राष्ट्र म्हणायचं तर तिथं लोक हवेत, सीमा हवी, दुसऱ्या देशांशी व्यवहार करू शकणारं सरकार हवं आणि त्या सरकारची जमिनीवर सत्ताही हवी. घाईनं मान्यता दिली, तर दुसऱ्याच्या घरात नाक खुपसल्याचा आरोप होतो. शिवाय युद्ध पेटण्याची शक्यता होतीच. पावसाळ्यात त्या नद्यांच्या मुलुखात सैन्य हलवणं कठीण, आणि उत्तरेला चीनची चिंता. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी मैत्री करार झाला, त्यानंतर इंदिरा गांधी युरोप-अमेरिकेत जाऊन आपली बाजू मांडून आल्या.

सरकारचा हिशेब मला पटतो. पण या आठ महिन्यांत निर्वासितांच्या छावण्यांमध्ये कॉलऱ्यानं माणसं मरत होती, हेही विसरता येत नाही.

गंमत म्हणजे मान्यतेची वाट न बघता या ‘नसलेल्या’ देशानं २९ जुलैला स्वतःची आठ टपाल तिकिटंही काढली. एकावर नकाशा, एकावर मुजीब, एकावर निवडणुकीचा निकाल.

३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या हवाई तळांवर हल्ला केला आणि हिशेब बदलला. ४ तारखेला ताजुद्दीन अहमद आणि नझरुल इस्लाम यांनी इंदिरा गांधींना पुन्हा मान्यतेची विनंती केली. ६ डिसेंबरला त्यांनी लोकसभेत मान्यता जाहीर केली. सभागृहात जल्लोष झाला. त्याच दिवशी पाकिस्ताननं भारताशी राजनैतिक संबंध तोडले. भूताननंही त्याच दिवशी मान्यता दिली. बांगलादेशात पहिला मान भूतानलाच दिला जातो. तो छोटासा देश तेव्हा संयुक्त राष्ट्रांत शिरून जेमतेम तीन महिने झाले होते!

एका घोषणेनं काय बदललं? भारतीय सैन्य आता दुसऱ्या देशाच्या एका प्रांतात घुसलेलं नव्हतं, एका मित्र सरकारच्या बाजूनं लढत होतं. निदान आपल्या बाजूनं तरी तसं म्हणता येत होतं. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली.

बाकीचं जग मात्र सावकाश हललं. ब्रिटननं ४ फेब्रुवारी १९७२ ला मान्यता दिली, अमेरिकेनं ४ एप्रिलला. ऑगस्टमध्ये बांगलादेशनं संयुक्त राष्ट्रांचं दार ठोठावलं तेव्हा चीननं नकाराधिकार वापरला. साम्यवादी चीनचा तो सुरक्षा परिषदेतला पहिलाच नकाराधिकार. खुद्द पाकिस्ताननं २२ फेब्रुवारी १९७४ ला, लाहोरमध्ये इस्लामी देशांची परिषद भरली तेव्हा मान्यता दिली. चीननं तर १९७५ चा ऑगस्ट उजाडू दिला.

१७ सप्टेंबर १९७४ ला अखेर संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं. आठवडाभरानं, २५ तारखेला, शेख मुजीब न्यूयॉर्कला महासभेसमोर उभे राहिले. ज्या भाषेसाठी १९५२ मध्ये ढाक्यात तरुणांनी गोळ्या झेलल्या होत्या, त्या बंगालीतच त्यांनी आपलं भाषण केलं.