बागायतदारांचा शत्रू, मेंदूवाल्यांचा लाडका

परवा राहात्याच्या डाळिंबबागेतली माती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. सूत्रकृमी वळवळत होते. नगरच्या बागायतदारांना हे मुळांवर गाठी आणणारे म्हणूनच ठाऊक.

पण त्यांचाच एक निरुपद्रवी भाऊबंद, सी. एलिगन्स, चेताशास्त्रात फार मानाचा. लांबी १ मिलिमीटर, चेतापेशी फक्त ३०२ आणि अंग पारदर्शक!

मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत डॉ. संध्या कौशिका याच कृमीवर काम करतात. चेतापेशीच्या लांब तंतूतून माल पोचतो कसा, हा त्यांचा विषय. प्रथिनांच्या चिमुकल्या मोटारी रसायनांच्या पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, ओढत नेतात. जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं, की जिवंत कृमीत ही ने-आण चक्क दिसते. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी याच कृमीच्या चेतापेशी असंच उजळवल्या होत्या. २००८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

अडचण अशी, की कृमी स्थिर राहत नाही आणि भूल दिली तर वाहतुकीवरच परिणाम होतो. म्हणून कौशिकांच्या गटाने सूक्ष्म नळ्यांचं उपकरण वापरलं. वायूच्या दाबाने त्यातला मऊ पडदा फुगतो, कृमीला अलगद दाबून धरतो, मग सोडून देतो. मला तर हे महागड्या भिंगांपेक्षा भारी वाटतं.