धाव संशोधनापर्यंत पोहोचावी

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे मुंबईत हजारो लोक धावायला उतरतात. २००४ साली सुरू झालेल्या या मॅरेथॉनमध्ये अनेक जण आप्तेष्टांकडून देणग्या गोळा करून एखाद्या संस्थेसाठी धावतात. लंडन मॅरेथॉनमध्ये ही प्रथा आणखी रुजली आहे. १९८१ पासून तिथल्या धावपटूंनी १ अब्ज पौंडांहून अधिक निधी उभारला. २०१७ मध्ये त्या शर्यतीने मानसिक आरोग्याच्या ‘हेड्स टुगेदर’ मोहिमेला मुख्य स्थान दिले होते. आपल्याकडचा असा निधी बहुधा शाळा, अन्नदान, कर्करोगाचे उपचार अशा कामांना जातो. ती कामे मोलाचीच आहेत. पण तरुणांच्या मानसिक आरोग्यावरील संशोधनासाठीही कुणी धावायला हवे.

याचे पहिले कारण वय. मधुमेह, हृदयविकार बहुधा चाळिशीनंतर गाठतात. मनाचे आजार मात्र लवकर येतात. निम्म्या आजारांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत होते, तर सुमारे तीन चतुर्थांशांची चोविसाव्या वर्षापर्यंत. म्हणजे दहावी-बारावी, कॉलेज, पहिली नोकरी याच काळात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता.

आपल्याकडची माहिती मात्र तोकडी आहे. बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. पण ते १२ राज्यांपुरते होते आणि त्यात महाराष्ट्र नव्हता.

‘संशोधन कशाला? तेच पैसे समुपदेशकांना द्या,’ असे अनेकांना वाटते. त्याचे उत्तर बिहारमधल्या एका प्रयोगात आहे. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी शाळांमध्ये ‘सेहेर’ हा कार्यक्रम तपासला. काही शाळांत तो तिथल्याच शिक्षकांनी राबवला, काही शाळांत खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. उरलेल्या शाळांत फक्त नेहमीचा जीवनकौशल्यांचा वर्ग होता. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. समुपदेशकांच्या शाळांमध्ये नैराश्याची लक्षणे आणि दादागिरी कमी झाली, शाळेतले वातावरण सुधारले. शिक्षकांच्या शाळांमध्ये मात्र लक्षणीय फरक पडला नाही. कार्यक्रम तोच, राबवणारे हात वेगळे. ही तुलना केली नसती तर ‘शिक्षकांनाच प्रशिक्षण द्या, स्वस्तात काम होईल’ असे म्हणून आपण पैसे खर्च करून मोकळे झालो असतो.

इंग्लंडचा अनुभवही बोलका आहे. शाळांमध्ये सजगतेचे, म्हणजे ‘माइंडफुलनेस’चे धडे देण्याची तिथे मोठी लाट होती. ८ हजारांहून अधिक मुलांवर त्याची चाचणी झाली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष निघाला की नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याचा जास्त फायदा होत नाही. असे ‘नाही’ कळणेही गरजेचे असते. औषधाची चाचणी घेतल्याशिवाय आपण ते मुलांना देत नाही. मग समुपदेशनाला वेगळा न्याय का?

आपल्याकडे तर अगदी प्राथमिक कामापासून सुरुवात करावी लागते. बाह्यरुग्ण विभागात येणारा सतरा वर्षांचा मुलगा ‘मला नैराश्य आहे’ म्हणत नाही. डोके दुखते, छातीत धडधडते, कशात जीव रमत नाही, असे सांगतो. परदेशी प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतर करून त्याचे दुखणे पकडता येत नाही. ती त्याच्या बोलीत तयार करावी लागते, पडताळावी लागते. तेच मूल वर्षभराने कसे आहे हे पाहायला कुणीतरी त्याच्या घरापर्यंत जावे लागते. या कामांना कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. लागतात ती प्रशिक्षित माणसे आणि काही वर्षे टिकणारा पैसा.

तेव्हा अशा कामासाठी धावणार असाल, किंवा धावणाऱ्याला पैसे देणार असाल, तर आधी संस्थेला चार प्रश्न विचारा. नेमका कोणता प्रश्न तपासणार? नैतिकता समितीची मंजुरी आहे का? मुलांची आणि पालकांची संमती व गोपनीयता कशी सांभाळणार? निष्कर्ष मनासारखा आला नाही तरी प्रसिद्ध करणार का? चौथ्याचे उत्तर ‘हो’ असेल तर देणगी योग्य हाती पडते आहे असे समजायला हरकत नाही.

धावण्याने मनही हलके होते. नियमित चालणे-धावणे नैराश्याची लक्षणे कमी करते, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. मात्र ‘रोज पळ, सगळे ठीक होईल’ हा उपचार नव्हे. घरातले मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ गप्प-गप्प असेल, झोप-भूक बिघडली असेल, अभ्यासातून आणि मित्रांतून मन उडाले असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगण्यात अर्थ नाही असे ते बोलू लागले तर एक दिवसही थांबू नका आणि त्याला एकटे सोडू नका. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते.