स्वमग्न हा शब्द कोणाचा?

ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द घडीव आहे, पण त्यात निवाडा दडलेला आहे. स्वतःत बुडालेला म्हणजे इतरांकडे पाठ फिरवलेला, असे तो ऐकताच आपण धरून चालतो. मूळ ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे स्वतः. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी 1911 मध्ये स्किझोफ्रेनियाच्या विवेचनात हा शब्द वापरला. 1943 मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 11 मुलांच्या वर्णनासाठी तोच उचलला. त्यानंतर चाळीसेक वर्षे या माणसांविषयी जे छापले गेले ते जवळजवळ सगळे डॉक्टरांनी आणि पालकांनी लिहिले. आपल्याविषयी इतरांनीच लिहायचे आणि आपण ते निमूट वाचायचे, हा अनुभव या पानांच्या वाचकाला नवा नाही.

माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे. आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. 160 चौरस फुटांची खोली, सहा माणसे. पाण्याच्या वेळी हंडे-बादल्यांचा खडखडाट सुरू झाला की हा कॉटखाली शिरायचा. बोलणे थोडे, तेही बहुधा दुसऱ्याचेच वाक्य पुन्हा. चाळ त्याला ‘येडं’ म्हणायची. मी घरातला पहिला पदवीधर. कॉलेजातल्या मित्रांना घरी आणायचे मी टाळले आणि खोली लहान आहे असे सांगत राहिलो. खरे कारण तो होता.

6 डिसेंबरला आई आम्हाला चैत्यभूमीवर न्यायची. रांगेत हा कानांवर हात दाबून खाली बसायचा, ओरडायचा. मागची माणसे म्हणायची, “बाबासाहेबांना हात जोडायलापण नको याला.” आई गप्प. तो मात्र दरवर्षी एकच म्हणायचा, “दादा, चार तारखेला.” आम्हाला वाटे, तारखेचा घोळ घालतोय.

1986 मध्ये टेम्पल ग्रँडिन आणि 1992 मध्ये डोना विल्यम्स यांची आत्मकथने आली. पुढे अशी पुष्कळ आली. बाहेरून जी ‘लक्षणे’ दिसत होती, त्यांचा आतला हिशेब या लेखनात सापडतो. आपले मन नको असलेले आवाज बाजूला सारते. कुकरची शिट्टी, रेल्वे, शेजारचा रेडिओ यांतून आपण समोरच्याचे बोलणे वेगळे काढतो. यांतले अनेकजण सांगतात की आमच्याकडे सगळे एकाच जोराने येते. डोळ्यांत पाहावे तर बोलणे हातचे सुटते, म्हणून नजर बाजूला. तो तुसडेपणा नव्हे. हात झटकत राहणे किंवा तेच वाक्य पुन्हा म्हणणे हा पुरात धरलेला खांब असतो. सगळ्यांचे असेच असते असे नाही. कोणी अखंड बोलतो, कोणी कधीच बोलत नाही. काहीजण, विशेषतः स्त्रिया, दिवसभर इतरांची नक्कल करून निभावून नेतात आणि घरी येऊन कोसळतात. अशांना तिशी-चाळिशीत निदान कळते तेव्हा दुःखापेक्षा सुटका वाटली, असे त्यांतले कितीतरी लिहितात: आपण आळशी नव्हतो, उद्धट नव्हतो.

1993 मध्ये जिम सिंक्लेअर या स्वमग्न कार्यकर्त्याने पालकांना बजावले की, आमच्यासाठी शोक करू नका. डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी 2012 मध्ये मांडले की न समजण्याचा दोष दुहेरी आहे: त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. मात्र उणेपणाचा शिक्का एकाच बाजूला बसतो.

येथे मोह होतो तो सरळ तुलनेचा. तो आवरला पाहिजे. जात माणसाने केली आहे, ती मोडता येते. जातिअंत झालेल्या समाजातही लाऊडस्पीकर माझ्या भावाचे कान फाडीलच. पण त्या वेदनेला ‘येडं’ म्हणायचे की नाही, हे माणसांच्या हातात आहे. आणखी एक. माझ्या हाती आलेली ही आत्मकथने बहुतेक इंग्रजीत आहेत. दार लावून बसायला खोली नसलेल्या घरातले आत्मभान त्यांत कुठून येणार? मुंबईत ‘उमीद’ ही संस्था 2001 मध्ये सुरू झाली. भाऊ तेव्हा सात वर्षांचा होता. आमच्या चाळीपर्यंत बातमी पोचली नाही.

1995 च्या अपंगत्व कायद्यात ऑटिझम नव्हता, 2016 च्या कायद्यात आला. पुढे प्रमाणपत्रासाठी आम्ही भावाला घेऊन गेलो. त्यासाठीच्या भारतीय मापनपट्टीत 40 बाबी आहेत: नजर टाळतो का, अलिप्त राहतो का, एकटाच खेळतो का. प्रत्येकीला 1 ते 5 गुण. तपासणाऱ्यांनी आईला विचारले, मला विचारले. भाऊ तिथेच खुर्चीत बसला होता. चोवीस वर्षांचा बाप्या. कागद मिळाला, त्याचा उपयोग आहे, मी तो नाकारत नाही. पण बसमध्ये लक्षात आले की मीही त्याला कधी काही विचारले नव्हते.

त्या रात्री वहीवर लिहून त्याच्यापुढे ठेवले: चार तारखेला काय? त्याने बराच वेळ घेतला. मग लिहिले, “पुस्तकं लावतात. माणसं अजून नसतात.”

आता आम्ही 4 डिसेंबरला संध्याकाळी शिवाजी पार्कला जातो. मंडप उभे राहत असतात, गठ्ठे सुटत असतात. ओळखीचा एक विक्रेता त्याला पुस्तके लावू देतो. तो उंचीप्रमाणे लावतो, विषयाप्रमाणे नाही. विक्रेता नंतर ती पुन्हा लावतो. मग आम्ही चैत्यभूमीवर जातो. भाऊ हात जोडत नाही. बराच वेळ उभा राहतो.