वरईची भरडणी आणि गावपातळीवरील सहकार

सह्याद्रीलगतच्या इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, अकोले, जव्हार, मोखाडा या तालुक्यांत भातखाचरांच्या वरच्या बाजूस उतरणीच्या वरकस जमिनी आहेत. माती उथळ, पाणी न थांबणारे. अशा जागी नागली आणि वरई हीच पिके पिढ्यानपिढ्या तग धरून राहिली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आणि या धान्यांचा शहरांतही बोलबाला झाला. पिकविणाऱ्याच्या पदरात त्यातील किती पडते, हा प्रश्न मात्र निराळा आहे.

नागली मळून साफ केली की थेट दळता येते. वरईचे तसे नाही. तिचा बारीक दाणा कठीण कवचात बंद असतो व ते काढल्यावरच भगर मिळते. पूर्वी हे काम घरातील स्त्रिया जात्यावर व उखळात करीत. चार पायल्यांसाठी निम्मा दिवस जाई. ते कष्ट परवडेनासे झाले तेव्हा काहींनी पीक सोडले आणि इतरांनी कवचासह माल व्यापाऱ्याला देण्यास सुरुवात केली. हा माल नाशिकसारख्या ठिकाणच्या गिरण्यांत जातो आणि एकादशीच्या आधी त्याच तालुक्याच्या आठवडे बाजारात भगर होऊन परत येतो, तो अर्थातच चढ्या भावाने.

यात काळाचाही भाग आहे. पीक दिवाळीच्या सुमारास हाती येते, तर भगरीची मोठी मागणी आषाढ ते आश्विन या उपवासाच्या दिवसांत असते. कवचातील वरई नीट वाळवून ठेवल्यास दीर्घकाळ टिकते. भरडलेली भगर मात्र लवकर खवट होते आणि दमट हवेत तिला बुरशी लागते. भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या घटना याच कारणाने घडतात. यास्तव धान्य कवचातच साठवून लागेल तसे थोडे थोडे भरडणे हिताचे, आणि ते जवळच्या गिरणीवरच साधते.

एका कुटुंबाच्या दोन-चार पोत्यांवर गिरणी चालत नाही. प्रतवारीची चाळण, खडे काढण्याचे यंत्र, भरडयंत्र, पाखडणी एवढी साखळी लागते. दाणे आकारानुसार आधी वेगळे केले नाहीत, तर मोठे फुटतात आणि लहान तसेच सुटतात. त्यासाठी पाच-सहा गावांनी एकत्र आले पाहिजे. १९६० च्या कायद्याखालील सहकारी संस्था, उत्पादक कंपनी किंवा महिला बचत गटांचा संघ, यांपैकी कोणतेही रूप चालेल. खरी अडचण पैशाची आहे. सणासाठी शेतकऱ्याला रोकड हवी असते. संस्थेने वजनकाट्यावरच उचल दिली नाही, तर माल व्यापाऱ्याकडे जाणारच. अनुदानाच्या प्रस्तावात यंत्राची चर्चा पुष्कळ होते, खेळत्या भांडवलाची फारशी नाही. नागलीला केंद्र शासनाची किमान आधारभूत किंमत आहे (२०२५-२६ साठी क्विंटलला ४,८८६ रुपये). वरईला तीही नाही.

ओडिशाने २०१७ पासून राबविलेल्या भरडधान्य अभियानात महिला गटांकडे प्रक्रियायंत्रे सोपविली आणि नागलीची शासकीय खरेदी करून ती शिधावाटपात आणली. ठरलेला ग्राहक असल्याने गटांना आधार मिळाला. आपल्याकडे अंगणवाडी व आश्रमशाळा हे असे ग्राहक गावाच्या हाकेच्या अंतरावर आहेत. ग्रामपंचायतीने उंच जोत्याची कोरडी खोली आणि पुरेशा दाबाची वीजजोडणी मिळवून दिली, तर गिरणीचा आरंभ होऊ शकतो. शिवाय भरडणीचा कोंडा गावातल्याच गुरांना मिळतो.