हॉट रॉड मोटारींतील जुनी लष्करी विमान-आसने : ओळख पटविण्याची पद्धती

महत्त्वाच्या संज्ञा : हॉट रॉड, विमान-आसन, वस्तुरूप साधने, दुसरे महायुद्ध, पूर्वेतिहास

प्रस्तावना :

एखादी वस्तू मोडीत निघाली म्हणजे तिचा इतिहास संपला, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात अनेकदा तेथूनच तिचे दुसरे आयुष्य सुरू होते. अमेरिकेतील हॉट रॉड मोटारींत बसविलेली दुसऱ्या महायुद्धातील विमानांची आसने हे याचे बोलके उदाहरण होय. जुनी, बहुधा फोर्ड कंपनीची मोटार घेऊन, तिचे अनावश्यक भाग उतरवून आणि इंजिनाची शक्ती वाढवून तयार केलेली वेगवान मोटार म्हणजे हॉट रॉड. अशा मोटारीत ॲल्युमिनियमचे, वाटीसारखे खोल आसन दिसले की त्याला सर्रास ‘बॉम्बर सीट’ असे म्हटले जाते. ते खरोखर बॉम्बफेकी विमानातील आहे, लढाऊ वा प्रशिक्षण विमानातील आहे, की अलीकडे बनविलेली प्रतिकृती आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर कोणत्या पुराव्यांच्या आधारे शोधता येते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचा नाही. जुन्या विमानांचा जीर्णोद्धार करणाऱ्या संग्रहालयांना मूळ आसनाची गरज असते. ओळख न पटलेले आसन कापले गेले तर एक अस्सल साधन कायमचे नष्ट होते. उलट, प्रतिकृतीला अस्सल मानले तर इतिहासात खोट्या पुराव्याची भर पडते.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी :

हॉट रॉडची परंपरा महायुद्धापूर्वीची आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर तरुण आपल्या मोटारींचा वेग मोजून घेत असत. अशा शर्यतींचे नियमन करण्यासाठी १९३७ साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. युद्ध संपले तेव्हा याच भागात विमान-कारखान्यांत काम केलेले कुशल कारागीर होते, सैन्यातून परतलेले तरुण होते आणि विमानांचे भंगारही मुबलक होते.

१९४० ते १९४५ या काळात अमेरिकेने सुमारे ३ लाख लष्करी विमाने बांधली. त्यांपैकी बी-१७ या एकाच बॉम्बफेकी विमानाची संख्या १२,७३१ होती. युद्धसमाप्तीनंतर त्यांतील हजारो विमाने निरुपयोगी ठरली. ॲरिझोना राज्यातील किंगमन येथील तळावरच ५,००० हून अधिक विमाने आणून उभी करण्यात आली आणि पुढे त्यांतील बहुतेक वितळवून त्यांच्या धातूच्या लाद्या करण्यात आल्या. शिल्लक युद्धसाहित्याच्या विक्रीसाठी १९४६ साली वॉर ॲसेट्स ॲडमिनिस्ट्रेशन हे खाते निर्माण झाले. अशा विक्रीतून विमानांचे सुटे भाग सामान्य नागरिकांच्या हाती अल्प किमतीत आले. १९४६ सालीच बिल बर्क यांनी विमानाच्या पोटाखाली लावावयाच्या जादा इंधनटाकीपासून शर्यतीची मोटार तयार केली. इंधनटाकीप्रमाणेच आसनही हलके, मजबूत आणि स्वस्त होते; त्यामुळे तेही मोटारीत आले.

२. पहिली कसोटी – रचना :

विमानाचे आसन मोटारीच्या आसनाप्रमाणे आरामासाठी घडविलेले नसते. त्या काळातील अनेक वैमानिक पॅराशूटची घडी आपल्या बैठकीखालीच बांधून बसत. ही घडी सामावावी म्हणून आसनाचा तळ खोल, चौकोनी वाटीसारखा ठेवला जाई. पॅराशूट नसताना माणूस या वाटीत बराच खाली बसतो. छत कापून बुटक्या केलेल्या हॉट रॉडमध्ये नेमकी हीच गोष्ट सोयीची ठरली. तेव्हा खोल वाटी ही पहिली खूण होय. मात्र लढाऊ व प्रशिक्षण विमानांतही ती रूढ असल्यामुळे तेवढ्यावरून ‘बॉम्बर’ हे नाव सिद्ध होत नाही.

यानंतर आसनाची पाठ आणि बाजू तपासाव्यात. उंची कमी-अधिक करण्यासाठी ज्या नळ्यांवर आसन सरकत असे त्यांच्या पकडी, बाजूची तरफ, खांद्यावरील पट्टा जाण्यासाठीची खाच, कमरपट्ट्याच्या कड्या यांपैकी काही ना काही अस्सल आसनावर शिल्लक असते. भाग काढून टाकला असला तरी त्याच्या रिव्हेटांची भोके राहतात. पाठीमागे उभे रूळ, लहान चाके किंवा स्फोटक नळीची बैठक आढळल्यास ते जेट युगातील उत्क्षेपी आसन, म्हणजे इजेक्शन सीट, असण्याचा संभव आहे. मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीच्या अशा आसनाची पहिली मानवी चाचणी १९४६ साली झाली. असे आसन हाताळण्यापूर्वी त्यात स्फोटक काडतूस उरलेले नाही, याची तज्ज्ञाकडून खात्री करून घेणे अत्यावश्यक आहे.

३. दुसरी कसोटी – द्रव्य :

लोहचुंबक चिकटला तर तो भाग पोलादी आहे, हे लगेच कळते. न चिकटल्यास ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांत भेद करावा लागतो. ॲल्युमिनियमची घनता दर घन सेंटीमीटरला २.७ ग्रॅम, तर मॅग्नेशियमची केवळ १.७४ ग्रॅम असते. आतल्या बाजूस उघड्या धातूवर व्हिनेगरचा थेंब टाकला असता मॅग्नेशियमवर बुडबुडे उठतात. हा भेद जाणणे सुरक्षेच्या दृष्टीनेही आवश्यक आहे, कारण मॅग्नेशियम घासताना उडणारा भुगा सहज पेट घेतो.

काही वेळा द्रव्यच विमानाकडे बोट दाखविते. ब्रिटिश स्पिटफायरची अनेक आसने धातूची नसून रेझिनने बांधलेल्या तंतुमय संमिश्राची, लालसर तपकिरी रंगाची होती. असे आसन एकदा पाहिले की विसरत नाही.

४. तिसरी कसोटी – क्रमांक व शिक्के :

सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे आसनावरील माहितीपट्टी. तीवर निर्मात्याचे नाव, भागाचा क्रमांक आणि कंत्राटाचा क्रमांक असतो. परंतु तिचा अर्थ लावताना घाई करू नये. ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या वॉरेन मॅकआर्थर यांच्या कंपनीने युद्धकाळात विमानांची आसने बनविली. पी-५१ मस्टँग या लढाऊ विमानात तिची आसने बसविली जात, तशीच शिक-जॉन्सन या निर्मात्याचीही. म्हणजेच एका विमानात दोन निर्मात्यांची आसने असू शकतात. निर्मात्याच्या नावावरून विमान ठरविणे त्यामुळे धोक्याचे आहे.

भागाचा क्रमांक अधिक बोलका असतो. नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या पद्धतीत क्रमांकाचा आरंभीचा अंक, तो भाग प्रथम कोणत्या आराखड्यासाठी रेखाटला गेला हे सांगतो. मस्टँगच्या मूळ आराखड्याचा अंक ७३, पी-५१ बी चा १०२, तर पी-५१ डी चा १०९ होता. ७३ ने सुरू होणारा भाग पुढे न बदलता डी प्रकारातही वापरला गेला असू शकतो. म्हणून हा अंक भागाच्या आराखड्याचा उगम दर्शवितो, तो ज्या विमानातून निघाला ते विमान नव्हे. स्पिटफायरच्या बाबतीत ३०० हा मूळ प्रकाराचा, तर ३६१ हा नवव्या मार्कचा आरंभीचा अंक होय.

पट्टी हरवली असल्यास पत्र्यावरील छापील अक्षरे शोधावीत. युद्धकाळात विमानासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमुख मिश्रधातूस ‘२४ एस’ म्हणत. १९५४ साली अमेरिकेत चार अंकी पद्धत स्वीकारली गेली आणि तोच मिश्रधातू ‘२०२४’ झाला. आसनाच्या पत्र्यावर ‘२४ एस-टी’ छापलेले असेल तर तो पत्रा जुन्या पद्धतीच्या काळातील. ‘२०२४’ असेल तर तो महायुद्धातील असू शकत नाही.

५. चौथी कसोटी – रिव्हेट, भोके व रंगाचे थर :

विमानाच्या रिव्हेटच्या डोक्यावर मिश्रधातू ओळखण्यासाठी खूण असते. सर्वसाधारण वापराच्या रिव्हेटवर मध्यभागी बारीक खळगा आढळतो. असे रिव्हेट आजही मिळतात. त्यामुळे ते विमान-कामाची पद्धत दाखवितात, काळ नव्हे. अमेरिकी आसनावर आरपार छिद्र असलेले पोकळ रिव्हेट सर्वत्र दिसल्यास नंतरच्या दुरुस्तीचा अथवा प्रतिकृतीचा संशय घ्यावा.

वजन घटविण्यासाठी पाडलेली गोल भोके हे ‘बॉम्बर सीट’चे लोकप्रिय लक्षण मानले जाते. परंतु भोके असणे हा स्वतंत्र पुरावा नाही. अमेरिकी मस्टँगच्या आसनापेक्षा जपानी झीरो विमानाचे आसन या लक्षणाशी अधिक जुळते. कारखान्यात पाडलेल्या भोकांच्या कडा बहुधा साच्याने दुमडलेल्या, एकसारख्या असतात आणि त्यांवर मूळ रंग असतो. नंतर पाडलेल्या भोकाची कड सपाट, उघड्या धातूची असते. ते कधी एखाद्या शिक्क्याला मध्येच छेदून जाते.

येथे पुरातत्त्वातील स्तरांचे तत्त्व उपयोगी पडते. सर्वांत खाली पिवळसर हिरवा झिंक क्रोमेट अस्तररंग, त्यावर विमानाच्या अंतर्भागाचा हिरवा आणि त्यावर मोटारमालकाने दिलेला रंग, असा क्रम आढळला तर आसनाची दोन्ही आयुष्ये वाचता येतात. मात्र झिंक क्रोमेटमध्ये आरोग्यास घातक षट्संयुजी क्रोमियम असते. तो कोरडा घासू नये. त्यामुळे विष आणि पुरावा, दोन्ही एकदमच उडून जातात.

६. नोंद कशी करावी :

वरीलपैकी कोणतीही एक कसोटी निर्णायक नाही. परस्परांवर अवलंबून नसलेल्या किमान दोन-तीन खुणा एकाच निष्कर्षाकडे नेत असतील तरच विमानाचे नाव घ्यावे. अन्यथा ‘अमेरिकी बनावटीचे, १९५४ पूर्वीच्या पत्र्याचे, खोल वाटीचे आसन’ एवढीच प्रामाणिक नोंद पुरेशी आहे. स्वच्छता करण्यापूर्वी सर्व बाजूंची छायाचित्रे आणि मापे घ्यावीत. तसेच पत्र्याला भोकांभोवती बारीक तडे असू शकतात आणि हे आसन मोटारीच्या अपघाताचा विचार करून घडविलेले नाही, हे मालकाला स्पष्टपणे सांगणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

समारोप :

मोडीत निघालेल्या विमानांबरोबर त्यांची असंख्य आसने वितळली. हॉट रॉडमध्ये गेलेली काही त्यामुळेच वाचली. ज्या हातांनी त्यांना भोके पाडली, रंग दिले, त्याच हातांनी ती जतनही केली. म्हणून नंतरचे फेरफार ही केवळ हानी न मानता वस्तूच्या इतिहासाचाच एक भाग मानला पाहिजे. आकर्षक नाव देऊन आसनाची किंमत वाढविता येईल. परंतु त्यावरील खुणा जुळवून जेवढे सिद्ध होते तेवढेच सांगणे, यातच त्या वस्तूचा खरा सन्मान आहे.