आयर्नफोर्ज : कामाच्या वाटेवरचं वैभव

(आभासी शहरांची रचना : लेखांक ४)

खुल्या आकाशाखालच्या शहरात खेळाडूला वाट कशी सापडते, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. तिथे मनोरे, डोंगर, सूर्याची दिशा अशा खुणा मदतीला असतात. ड्वार्फांचं शहर डोंगराच्या पोटात असतं आणि यातली एकही सोय तिथे नसते. तरीही असं शहर आखणारे बहुतेक जण सुरुवात करतात ती भव्यतेपासून : उंच दालनं, कोरीव खांब, वितळलेल्या धातूचे प्रवाह, राजाचं सिंहासन. ते सगळं हवंच. पण ते कुठे ठेवायचं, हे ठरवण्याआधी खेळाडू रोज कोणत्या कामासाठी कुठून कुठे जाणार, हे ठरायला हवं. ड्वार्फ शहर वैभवामुळे नव्हे, तर वैभव कामाच्या वाटेवर असल्यामुळे जिवंत राहतं, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या २००४ साली आलेल्या खेळातल्या आयर्नफोर्जइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

आयर्नफोर्जचा आराखडा म्हणजे एक वर्तुळ. मधोमध ‘ग्रेट फोर्ज’ ही अवाढव्य भट्टी. वरून वितळलेला धातू कोसळत असतो, भोवती ऐरणी मांडलेल्या असतात आणि राजाचा दरबारही तिथूनच आत आहे. भट्टीभोवती गोल रस्ता आणि त्या रस्त्यावर एकेक विभाग : दरवाजालगतचं ‘कॉमन्स’, मग मिस्टिक वॉर्ड, फॉरलॉर्न कॅव्हर्न, हॉल ऑफ एक्सप्लोरर्स, आपलं शहर गमावून आश्रयाला आलेल्या नोम लोकांचं टिंकर टाउन आणि शेवटी मिलिटरी वॉर्ड. जमिनीखाली हा आकार फार उपयोगी पडतो. सरळ बोगद्यांच्या जाळ्यात चुकलेला माणूस चुकतच जातो. गोल रस्त्यावर मात्र कुठल्याही दिशेने चालत राहिलं तरी तो निघाल्या जागी परत येतो. शिवाय भट्टी नेहमी एकाच बाजूला राहते, त्यामुळे सूर्य नसला तरी दिशा कळते.

पण नुसत्या वर्तुळाने गर्दी जमत नाही. बँक, लिलावगृह आणि सराय ही तिन्ही कामं कॉमन्समध्ये, म्हणजे मुख्य दरवाजातून आत येताच, एकमेकांपासून काही पावलांवर आहेत. पिशवी रिकामी करायची, माल विकायचा, टपाल पाहायचं, हे खेळाडू दिवसातून अनेकदा करतो. आराखड्यात शहराचं केंद्र भट्टी होती. वापरात ते कॉमन्स झालं. उलट फॉरलॉर्न कॅव्हर्नकडे पाहा. अंधूक उजेड, मधोमध पाण्याचं तळं, कडेला चोर या वर्गाच्या खेळाडूंचे शिक्षक. वातावरण म्हणून शहरातला हा सर्वांत देखणा कोपरा म्हणता येईल, पण तो बहुधा ओसच असायचा. सुरुवातीच्या काळात नवी कौशल्यं शिकायला शिक्षकाकडे साधारण दर दोन लेव्हलनी एकदा जावं लागे आणि तेही त्या-त्या वर्गाच्या खेळाडूलाच. विभाग सुंदर आहे की नाही यापेक्षा तिथलं काम किती वेळा पडतं, यावर वर्दळ ठरली.

रचनाकारांनी खरी हुशारी दाखवली ती प्रवासाच्या सोयींत. ग्रिफिनवरून उडत येणारा खेळाडू उतरतो तो भट्टीजवळ. स्टॉर्मविंड या खेळातल्या दुसऱ्या राजधानीला जाणारी भुयारी ट्राम टिंकर टाउनमधून सुटते, म्हणजे दरवाजापासून जवळजवळ शहराच्या दुसऱ्या टोकाहून. त्यामुळे बँकेकडे निघालेला असो की ट्राम पकडायला, प्रत्येकाची वाट सहज भट्टीवरून जाते. कोणाला मुद्दाम दर्शनाला पाठवावं लागलं नाही. सिंहासन पाहायला कोणी चार वेळा जात नाही, पण ट्रामसाठी जातो आणि जाता जाता भट्टीची धग त्याच्या रोजच्या खेळाचा भाग होते.

यावर एक आक्षेप लगेच येईल : सगळी कामं एका जागी आणल्याने आयर्नफोर्जमध्ये एवढी गर्दी झाली की सर्व्हर धापा टाकू लागले. हे खरं आहे. सुरुवातीला, आयर्नफोर्ज ज्या पक्षाचं शहर आहे त्या अलायन्सचं लिलावगृह फक्त इथेच होतं. लॅगमुळे शहराला खेळाडूंनी चेष्टेची नावंही ठेवली. जानेवारी २००६ च्या १.९ पॅचमध्ये लिलावगृहं जोडली गेली आणि इतर राजधान्यांतही उघडली. पण हा दोष कामं जवळ ठेवण्याचा नव्हे, एका कामाची मक्तेदारी एका शहराला देण्याचा होता. शहरातलं अंतर कमी ठेवणं आणि शहराशहरांत काम वाटणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. एकाची चूक दुसऱ्याच्या माथी मारू नये.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. २०१० च्या ‘कॅटक्लिझम’ विस्तारात नव्या प्रदेशांची द्वारं स्टॉर्मविंडमध्ये उघडली आणि गर्दी तिकडे गेली. आयर्नफोर्जचं वर्तुळ होतं तसंच होतं, भट्टीही तशीच धगधगत होती. मग आराखड्याला काय अर्थ उरला? माझ्या मते हाच माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. आराखडा गर्दी निर्माण करत नाही, काम करतं. आराखड्याच्या हाती असतं ते आलेल्या माणसाला कोणत्या वाटेने न्यायचं आणि वाटेत काय दाखवायचं. काम गेलं की वास्तू कितीही थोर असली तरी तिचं संग्रहालय होतं. म्हणून शहराची काळजी घेणाऱ्याने दर नव्या विस्ताराच्या वेळी एक प्रश्न विचारायलाच हवा : जुन्या शहरात जाण्यासारखं कोणतं काम आपण शिल्लक ठेवतो आहोत?

माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर मित्रमंडळींसोबत डोंगर पोखरून ड्वार्फ शहर उभारणाऱ्यांनाही हेच लागू पडतं. आधी कागदावर कामांची यादी करा आणि प्रत्येक कामासमोर ते किती वेळा पडतं ते लिहा. रोजची कामं दरवाजाजवळ एकत्र ठेवा. प्रवासाची सोय मात्र जाणूनबुजून पलीकडच्या टोकाला न्या आणि तुमचं सर्वांत सुंदर दालन या दोघांच्या मध्ये कोरा. क्वचित लागणारी कामं कडेच्या गुहांत गेली तरी चालतील. त्या शांत राहणार हे गृहीत धरूनच त्यांची सजावट करा. क्रम एवढा पाळला तर भव्यतेला कात्री लावावी लागत नाही, उलट ती रोज पाहिली जाते.

(पुढील लेखांकात : स्टॉर्मविंडचे कालवे आणि शहराच्या विभागांमधल्या सीमा)