विंडो लपवली म्हणून कॉम्प्युटर हलका होत नाही

दहावी-बारावीचे निकाल लागले की लातूरच्या ट्यूशन एरियात, नांदेडच्या वजिराबादेत, मुखेड-निलंग्याच्या तहसीलसमोरच्या सेवा केंद्रांत सगळीकडे एकच गर्दी असते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल, त्यात प्रवेशाचे फॉर्म. आणि या गर्दीत एक वाक्य हमखास कानावर पडतं : "विंडो लई झाल्यात, म्हणून हँग मारायलंय. सगळं मिनिमाईज कर अन् रिफ्रेश मार." ऑपरेटर सगळ्या विंडो खाली पाठवतो, मोकळ्या डेस्कटॉपवर उजवी क्लिक करून चार-पाच वेळा रिफ्रेश मारतो आणि पुन्हा फॉर्मकडे वळतो. अलीकडे त्याच्या जोडीला नवा सल्ला आलाय : विंडो मॅनेज करणारं एक छोटं सॉफ्टवेअर टाक, कॉम्प्युटर पळायला लागेल.

पळणार नाही. विंडोची मांडणी आणि कॉम्प्युटरची मेमरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे कितीही वेळा सांगितलं तरी पुढच्या हंगामात तोच रिफ्रेश सुरू होतो, म्हणून एकदा नीट समजून घेऊ.

प्रोग्रॅम चालू असतो तेव्हा त्याचा कोड आणि त्याने उघडलेला मजकूर रॅममध्ये असतो. स्क्रीनवर दिसणारी विंडो हा त्या प्रोग्रॅमचा फक्त दिसणारा भाग. मिनिमाईज केल्याने तो दिसेनासा होतो, प्रोग्रॅम चालूच राहतो. पडदा ओढला म्हणून कपाटातलं सामान कमी होत नाही, तसंच हे. यावर विश्वास बसत नसेल तर समोरच्याच मशीनवर बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. मेमरीच्या रकान्यात क्रोमसमोरचा आकडा टिपून ठेवा. आता क्रोम मिनिमाईज करा. आकडा थोडा खाली-वर होईल, पण क्रोमने अडवलेली जागा सुटणार नाही. मग क्रोम बंद करा. तेव्हा कुठे ती ओळ यादीतून जाते आणि मेमरी मोकळी होते.

या गैरसमजाला एक जुनं मूळ आहे, ते मात्र खरं आहे. विंडोज एक्सपीच्या काळात विंडो मिनिमाईज केली की सिस्टिम त्या प्रोग्रॅमच्या ताब्यातली रॅम खरोखरच काढून घ्यायची. मायक्रोसॉफ्टच्याच सपोर्ट लेखात तसं नोंदवलेलं होतं. टास्क मॅनेजरमधला आकडा धाडकन खाली यायचा आणि बघणाऱ्याला वाटायचं, काम झालं. प्रत्यक्षात ती विंडो परत वर घेतली की तोच मजकूर पुन्हा गोळा करावा लागे, तो डिस्कवर गेला असेल तर तिथून, आणि नेमकं तेव्हाच मशीन अडखळायचं. एमएस-सीआयटी सुरू झाली २००१ मध्ये, एक्सपीही त्याच वर्षी आलं. आज केंद्र चालवणाऱ्या कितीतरी जणांचे हात त्या मशीनवर बसलेले आहेत. सवय तिथली आहे, दोष कुणाचा नाही. पण मधल्या काळात विंडोज कितीदा बदललं, आणि नव्या पोरांना मात्र आपण अजून तेच शिकवतोय.

आता रिफ्रेश. डेस्कटॉप हे एक फोल्डर आहे. रिफ्रेश मारलं की विंडोज त्या फोल्डरमधली यादी पुन्हा वाचतं आणि आयकॉन पुन्हा काढतं, एवढंच. पेनड्राईव्हवरून टाकलेली फाईल दिसत नसेल तर त्याचा उपयोग. रॅम, प्रोसेसर, इंटरनेट यातल्या कशालाच तो हात लावत नाही. रिफ्रेशनंतर मशीन सुधारल्यासारखं वाटतं, कारण मधल्या चार-पाच सेकंदांत अडकलेलं काम आपसूक पूर्ण झालेलं असतं. हात जोडून बसला असता तरी तेवढ्याच वेळात सुटलं असतं.

'रॅम बूस्टर' नावाची टूल्स याच भ्रमावर चालतात. ती बाकीच्या प्रोग्रॅमना रॅममधून बाहेर ढकलतात, 'मोकळी मेमरी' म्हणून मोठा आकडा दाखवतात, आणि पुढच्या क्लिकला तेच सगळं परत आणायला वेळ जातो. विंडोजच्या अंतरंगावरचे नावाजलेले जाणकार, पुढे मायक्रोसॉफ्ट अझूरचे सीटीओ झालेले मार्क रुसिनोविच यांनी या टूल्सना फार पूर्वीच फसवणूक म्हटलेलं आहे. विंडो लावून देणारी चांगली टूल्स असा दावा करतच नाहीत. ती स्वतःही एक प्रोग्रॅमच असल्याने उलट थोडी रॅम घेतात.

मग मशीन संथ का? बहुतेक वेळा ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्डडिस्क आणि क्रोममध्ये उघडे पंधरा-वीस टॅब. रॅम भरली की विंडोज जास्तीचा मजकूर डिस्कवर ठेवतं. हार्डडिस्क रॅमच्या मानाने फार संथ, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना शंभर टक्क्यांवर जाऊन बसतो. यावर औषध एकच : नको ते टॅब बंद करणं, मशीन सुरू होताना आपोआप उठणारे प्रोग्रॅम थांबवणं, आणि जमेल तेव्हा रॅम वाढवून हार्डडिस्कच्या जागी एसएसडी घालणं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे विंडो लावणारी टूल्स बिनकामाची. तसं मुळीच नाही, आणि माझी खरी तळमळ इथेच आहे. टीसीवर नाव आडनावापासून सुरू होतं, आधारवर पुष्कळदा मुलाच्या नावापासून. वडिलांचं नाव एका कागदावर 'राव'सकट, दुसऱ्यावर 'राव'शिवाय. ऑपरेटर स्कॅन केलेली टीसी बघतो, ती खाली करतो, फॉर्म वर घेतो, आठवणीतून टाईप करतो, पुन्हा टीसी. या ये-जा करण्यात एक वेलांटी, एक जन्मतारीख चुकते आणि कंधारहून आलेल्या बापाला दुरुस्तीसाठी आणखी एक दिवस मोडावा लागतो. टीसी डावीकडे आणि फॉर्म उजवीकडे, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर असतील तर ही चूक फार कमी होते. वेग मशीनचा वाढत नाही, माणसाचा वाढतो.

त्यासाठी बाहेरून काही आणायचीही गरज बहुधा नसते. १९८५ चं पहिलं विंडोज विंडो शेजारी-शेजारीच लावायचं, एकावर एक चढवायची सोय १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. विंडो पकडून स्क्रीनच्या कडेला नेली की ती अर्ध्या भागात बसते, ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. विंडोज की दाबून डावा किंवा उजवा बाण दाबला तरी तेच होतं. विंडोज ११ मध्ये विंडोज की आणि झेड दाबलं की मांडणीचे तयार नमुने समोर येतात. याहून जास्त हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज आहे, २०१९ पासून नव्या रूपात, मोफत आणि मुक्त स्रोत. त्यातल्या फॅन्सीझोन्समध्ये स्क्रीनचे हवे तसे भाग एकदा आखून ठेवायचे, मग शिफ्ट दाबून विंडो ओढली की ती आपल्या भागात जाऊन बसते. त्यातल्याच ऑलवेज ऑन टॉपने विंडोज, कंट्रोल आणि टी दाबून टीसीची छोटी विंडो फॉर्मवर कायम वर ठेवता येते. ४ जीबीच्या मशीनवर यातल्या लागतील तेवढ्याच सोयी चालू ठेवाव्यात, बाकीच्या बंद.

आणखी काही समज, थोडक्यात. वर ठेवलेल्या विंडोला जास्त वेग मिळतो : नाही, ती फक्त वर दिसते. दुसरा व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणजे दुसरा कॉम्प्युटर : नाही, रॅम तीच, आणि मागचं गिऱ्हाईक ते पाहू शकणार नाही असंही नाही. फुली दाबली की प्रोग्रॅम बंद : नेहमी नाही, काही जण घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात जागेच राहतात. दोन मॉनिटरला महागडं ग्राफिक्स कार्ड लागतं : ऑफिसकामाला नाही, व्हीजीए आणि एचडीएमआय अशी दोन्ही भोकं असतील तर बहुधा जुना मॉनिटर जोडून भागतं.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. विंडो लावणाऱ्या टूलला कोणती विंडो उघडी आहे, तिचं शीर्षक काय, कीबोर्डवर कोणती कळ दाबली, हे पाहावंच लागतं, नाहीतर ते काम करू शकत नाही. टेलिग्रामवरून आलेलं 'प्रो क्रॅक' त्या जागी बसलं तर टाईप होणारा प्रत्येक पासवर्ड त्याच्या समोरून जाईल. सेवा केंद्राच्या मशीनवर शेकडो घरांचे आधार, सातबारे, बँक पासबुकं पडलेली असतात. तिथे असलं टूल टाकणं हा विश्वासाने कागद देणाऱ्यांवर अन्याय आहे. पॉवरटॉइज मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून फुकट मिळतं. त्याच्या नावाने कुणी पैसे मागत असेल किंवा आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणत असेल, तर ती फाईल उघडू नका, डिलीट करा.